अंगठ्यावरची शाई

ग्रामसभेहून परतताना ओढ्याशी आलो, तर शेजारच्या सखूबाई पाण्यात वाकून अंगठा चोळत होत्या. शाई काही निघेना.

आमच्याकडे सभेला येणाऱ्याची सही किंवा अंगठा दारातच घेतात, आणि ठराव वरच्या कोऱ्या जागेत मागाहून लिहितात. इतकी वर्षं कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

सभेत सखूबाई उठून एवढंच म्हणाल्या होत्या, "ओढ्यावर पूल बांधा. पाणी चढलं की पोरी शाळंला जात न्हाईत." सगळ्यांनी माना डोलावल्या. सरपंचही म्हणाले, "बरोबर आहे मावशी, बसा." ऐकून घ्यायला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. ऐकलेलं कागदापर्यंत पोचेस्तोवर कुठे झिरपून जातं, कोण जाणे.

"भाऊ, काय लिवलं वो शेवटी?" त्यांनी वर न बघताच विचारलं.

निघताना मी ठराव वाचला होता. "वेशीवर स्वागत कमान. सर्वानुमते."

"म्हंजी माझाबी अंगठा कमानीलाच?"

त्या पुन्हा अंगठा चोळू लागल्या. मी सही पेनाने केली होती. माझे हात स्वच्छच होते.