विमलच्या तापाचं रजिस्टर

शेषराव वानखेडे स्टेशन मास्तर आहेत आणि घरी आल्यावरही स्टेशन मास्तरच राहतात. इथे परप्रांतात, बस्सीच्या पुढच्या एका लहान स्टेशनवर ड्यूटी, आणि क्वार्टर माझ्या दारासमोर. बायकोला, विमलला, कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली त्या दिवशी या माणसाने काय आणावं, तर लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर. वेळ, ताप, औषध, सही. विमलजवळून उठणाऱ्याने पुढच्याला चार्ज द्यायचा आणि दोघांनी सही करायची. त्यांची अकोल्याची माणसं लांब, त्यामुळे पाळ्या तिघांच्याच. ते, बारावीतली अनुया आणि मी, कलावती शेजारीण.

"भाऊजी, बायको आहे, मालगाडी नाही," मी चिडवायचे. ते हसत नसत.

डॉक्टरांनी एकच बजावलं होतं. केमोनंतर ताप शंभरावर गेला तर घरी थांबायचं नाही, तडक हॉस्पिटल. त्या आकड्याची आम्हाला इतकी धास्ती की विमल नुसती खोकली तरी माझा हात थर्मामीटरकडे जायचा.

तिसऱ्या केमोनंतरचा नववा दिवस. अनुयाचा फिजिक्सचा पेपर होता. नऊ वाजता तिने मला चार्ज दिला. सहाला ९८.४, नऊला ९८.४. बाराला मी थर्मामीटर शोधू लागले तर विमल म्हणाली, "आत्ताच लावला, तेवढाच हाये." मी लिहिलं आणि सही ठोकली.

तीनला शेषराव आले. बूट न काढता रजिस्टर पाहिलं. तिन्ही वेळा एकच आकडा.

"वहिनी, इतकी टायमावर चालणारी गाडी मी बावीस वर्षांत पाहिली नाही," ते म्हणाले आणि त्यांनी विमलच्या काखेत थर्मामीटर लावला. एकशे दोन.

शहरात सोडाल्याच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते. हॉस्पिटलमध्ये सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, पांढऱ्या पेशी फार खाली गेल्यात, दोन दिवस काही सांगता येणार नाही.

पेपरहून परतताच निरोप कळला आणि अनुया तिथे आली. "पप्पा, मम्मीच बोलली, लिहून टाक. मतलब, मी बघितलंच नाही." ती हुंदके देत होती. मला माझीच लाज वाटली, मी तर पेपरालाही बसले नव्हते.

शेषराव कॉटजवळ गेले. "काहून लपवलं?"

"पोरीचा पेपर होता," विमल म्हणाली. "अन् चार महिन्यांत तुमाले धड झोप नाही. मले पाहवत नाही."

 शेषरावांनी सोबत आणलेलं रजिस्टर उघडून पट्टीने नवा रकाना आखला आणि वर 'पेशंटची सही' असं लिहिलं. थर्मामीटरचा आकडा तिला दाखवला आणि पेन पुढे केलं.

विमलने पेन घेतलं नाही. "तुमच्या झोपेचा रकाना पाडा, तवाच करीन."

शेषरावांनी रेघ ओढली. पट्टी लावली नाही, वाकडी आली. कालच्या तारखेपुढे त्यांनी 'दोन तास' लिहिलं. मग विमलने सुई लावलेल्या हाताने सही केली.

"वहिनी, चार्ज घ्या," ते म्हणाले आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपले.

तासाभराने मी थर्मामीटर लावला आणि आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. एकने उतरला होता, पण अजून एकशे एक होता.