पऱ्हाटीसमोरचा कॅमेरा
मिरची जळल्याचा ठसका लागला की मला आमची कपाशी, मायच्या बोलीतली पऱ्हाटी, आठवते. एका वर्षी मला बोंड फुटताना टिपायचं होतं. नेरला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या चाचांनी दोन जुने कॅमेरे दाखवले. महागड्याचे फोटो देखणे, पण स्वस्तातला दर तासाला आपोआप फोटो काढायचा. तोच आणून झाडासमोर बांधला. माय म्हणाली, "दिवसभर एकटक पाहून राह्यला तो, पऱ्हाटीले नजर नाही लागन काय रे?" मी हसलो. त्या वर्षी बोंडअळी पडली, बोंडं न फुटताच सडली. मायनं मला बोल लावला नाही. मीच ते फोटो उघडले नाहीत. ती गेल्यावर, परवा पाहिले. रोज संध्याकाळी ती झाडावरून मीठ-मिरची उतरवते आहे. शेवटच्या फोटोत झाड वाळलंय, आणि ती माझ्या कॅमेऱ्याची दृष्ट काढते आहे.