पाहुण्यांसाठी राखलेलं धुराचं यंत्र

चिंचवडच्या आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनचा धूर ओढणारं यंत्र आलं, तेव्हा त्याचं रीतसर उद्घाटन झालं. थिएटरात नारळ फोडता येत नाही, म्हणून तो जिन्यापाशी फोडला. प्रमुख पाहुण्यांनी हिरवा गाऊन घालून फीत कापली आणि आरोग्याच्या नव्या युगाबद्दल बरंच सांगितलं. मग यंत्र पुन्हा प्लास्टिकच्या वेष्टनात गेलं आणि कोपऱ्यात उभं राहिलं.

कारण साधं होतं. वापरलं की फिल्टर संपतो. घरातल्या चांगल्या कपबशा पाहुणे आल्यावरच निघतात, तसं हे यंत्र तपासणीचं पथक आलं की निघायचं. एरवी सर्जन कॉटरीच्या तापल्या टोकाने रक्तवाहिन्या डागत आणि तो करपट धूर आम्ही सगळे छातीत भरून घेत असू. साधा मास्क त्याला अडवत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर आम्ही चर्चासत्रही भरवलं होतं, जेवणासकट.

सर्वांत जास्त धूर टेबलाशी उभ्या राहून हत्यारं देणाऱ्या सिस्टरांच्या वाट्याला येई. सर्जननी हात पुढे करायच्या आत हवी ती वस्तू त्यांच्या हातात ठेवणारी बाई. त्यांचा खोकला वाढला, तेव्हा मेट्रननी उपाय काढला: सोमवारपासून वॉर्डात जा.

"धूर राहणार इथंच, आणि जायचं मी," कपडे बदलताना त्या मला म्हणाल्या. "पंधरा-वीस वर्षं हेच काम केलंय, मॅडम. वॉर्डात जाऊन काय ताप मोजत बसू?"

मी भूलतज्ज्ञ. मी 'घ्या' म्हटल्याशिवाय पेशंट थिएटरात येत नाही, असा आमच्याकडे रिवाज. एवढा एकच अधिकार मला मिळालेला आहे. घरी तेवढाही नाही. दुसऱ्या दिवशी मी 'घ्या' म्हणालेच नाही.

"काय अडलंय?" सर्जननी विचारलं.

"ते कोपऱ्यातलं यंत्र आधी लावू, सर."

"फार आवाज करतं हो ते. लक्ष लागत नाही."

"थायरॉइड झोपेतही काढेन, असं तुम्हीच सांगता."

सिस्टरांनी हसू लपवायला तोंड फिरवलं.

"नाहीतर राहू द्या," मी म्हणाले. "सोमवारी नव्या सिस्टर येताहेत. त्यांच्याकडे काय हवं ते तुम्हाला तोंडाने मागावं लागेल, एवढंच."

"नव्या? का? या कुठं चालल्या?"

"वॉर्डात. खोकल्यापायी."

"मला कुणी बोललं नाही." त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं, मग स्वतः जाऊन प्लास्टिक ओढून काढलं आणि मेट्रनना फोन लावायला सांगितलं. मी 'घ्या' म्हणाले.

सोमवारी सिस्टर थिएटरातच होत्या. खोकला लगेच गेला नाही. सावकाश कमी झाला. यंत्र घरघरतं, त्यामुळे हल्ली आमच्याकडे सगळेच मोठ्याने बोलतात. "सर, धुराची नळी जवळ घ्या," असं सिस्टर आता बिनदिक्कत ओरडतात. सर घेतात.