पांढरीतलं बुजवलेलं दार

मी पुरातत्त्व शिकलेली बाई. भूत, भानामती... असलं काही निघालं की मी सरळ उठून जायचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. पेडगावजवळ पांढरीच्या टेकाडावर – जुनं गाव गाडलं गेलंय तिथं – आमचं उत्खनन चालू होतं. विटांच्या भिंती लागल्या, मग त्यांत एक दार. उंबऱ्याचा दगड शाबूत, पण दार विटांनी बुजवलेलं. वर छताच्या शिळा टिकलेल्या, म्हणजे आत पोकळी असणार. आम्ही सगळे खूश!

भर दुपारी मी एक वीट सैल करून काढली. आतून वास आला... नासलेलं दूध आणि न धुतलेलं तोंड, असा. सोबत कामाला असलेल्या कौसाबाईंनी नाकाला पदर लावला.

"ताई, आत काय मेलंय का? लय घाण वास यायलाय."

"मावशी, बंद खोली आहे, वास येणारच," म्हणत मी आत हात घातला.

आणि कुणीतरी माझा तळहात चाटला.

हो, चाटलाच. जाड, गरम, खरखरीत जीभ – मनगटापासून बोटांपर्यंत, सावकाश. हात ओढला तर चिकट लाळ लोंबत होती. कौसाबाई ओरडल्या, "अगं माय! हे काय लागलंय?" मी तिथंच ओकले.

घोरपड असेल, कुत्रं असेल, म्हणून आमच्या सरांनी जपून सगळं दार मोकळं केलं. खोली रिकामी. भिंती धड, जमीन घट्ट, उंदराचं बीळसुद्धा नाही. फक्त दारातल्या विटा आतल्या बाजूने खोलगट झालेल्या... गुरांनी चाटलेल्या मिठाच्या खड्यासारख्या. आणि ओल्या.

"क्षाराचा लोणा लागलाय. ओलीनं वीट अशीच झिजते," सर म्हणाले.

"आणि लाळ, सर?"

"काहीतरीच तुमचं!" हसत हसत त्यांनी एका खळग्यात बोट फिरवलं. हसू तिथंच थांबलं. उठून ते पाण्याच्या टँकरपाशी गेले आणि मातीने हात घासत राहिले, कातडी लाल होईपर्यंत. मग त्याच विटांनी दार पुन्हा बुजवायला लावलं.

डॉक्टर म्हणतात, हाताला काही झालेलं नाही. पण आजही त्या हाताने वरणभात कालवला की घास घशाखाली उतरत नाही. काय होतं ते, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर... खरं सांगू? मला सांगू नका.