गाण्याच्या शेपटीला राहिलेला आवाज

नवीन गाणं लागलं की ते स्पीकरच्या कडेला दोन बोटं टेकवायचे. मान वर, डोळे छताकडे, चेहरा गंभीर. आम्ही सगळे गप्प. मग बोटं उचलून अगदी हळू आवाजात सांगायचे, "नाडी लागत नाय. घरच्यांना कळवा."

त्यांचं नाव मी सांगणार नाही. नाव, गाव, वय, सगळं एकदा त्यांच्याच तोंडून वदवून घेतलंय आणि लोकांनी ते फोनवर चवीनं पाहिलंय, तेवढं पुरे. मी त्यांना भाऊ म्हणायचे. तुम्हीही भाऊच म्हणा.

आम्ही चौघं होतो. मी अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर ब्लाउज शिवते, आणि गळा अजून शाबूत आहे म्हणून हळदीच्या गाण्यांत गाते. हरेश सिंधी, उल्हासनगरात कॅम्प एकला त्याचं कापडाचं दुकान, तो कीबोर्डवाला. अक्षय बदलापूरचा, आठवडाभर कंपनीत आणि रविवारी आमच्यात. तो गायचा आणि लॅपटॉपवर सगळं जोडून गाणं तयार करायचा. चौथे भाऊ. वांगणीजवळच्या खेड्यातले, शेतकरी घरचे, केमिकल कंपनीतून रिटायर झालेले. ढोलकी त्यांची आणि गाण्याचे शब्दही त्यांचेच.

हरेशच्या दुकानावर माळा होता. तिथं भिंतींना कापडाची थानं छतापर्यंत रचलेली, त्यामुळे आवाज अजिबात घुमायचा नाही. तोच आमचा स्टुडिओ. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद. घामानं नुसती अंघोळ व्हायची, आणि कोणी थानाला टेकलं की हरेशचा जीव वरखाली. "साईं, थान से दूर बैठो ना! डाग पडला तर गिऱ्हाईक तुमचं गाणं ऐकून घेणार आहे काय?"

रविवारी सकाळी रेकॉर्डिंग झालं की खालून दाल पकवान यायचं. खाता खाता हरेश त्या आठवड्याची गाजलेली गाणी लावायचा, आणि माइक मुद्दाम चालू ठेवायचा. कारण मग भाऊ सुटायचे.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेबद्दल म्हणायचे, "पोरगा दोन ओळी गातो, मंग आई रडते, मंग जज रडतो. रडायचीच स्पर्धा ठेवा ना! गानाऱ्यांचा येळ कशाला खाता?" एका हिरोचं नवं गाणं पाहून म्हणाले, "ह्याचा नातू कॉलेजात असंल, न हा कॉलेजच्या पोरीमागं धावतोय. मधीच दम लागला तर जबाबदार कोन?" मशीननं सरळ केलेला आवाज आला की म्हणायचे, "गळ्याला इस्त्री मारलीय. सुरकुती नाय, मानूसबी नाय." हरेश हसून हसून कीबोर्डवर डोकं टेकायचा आणि भलतेच सूर वाजायचे.

अक्षय हे सगळं कापून-जोडून ओळखीच्या लोकांना पाठवायचा. लोक आमच्या गाण्यांपेक्षा तेच आवडीनं ऐकायचे. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? आम्ही घसे फोडायचे आणि कौतुक ह्यांच्या टवाळीचं.

पण ती जीभ आम्हालाही सोडायची नाही. एकदा मी नवरीच्या पाठवणीचं गाणं गात होते. सूर चोख, ताल चोख. भाऊंनी ढोलकी थांबवली. "बाय, बाप रडतोय म्हनून गातेस, न तुझं ध्यान घड्याळाकडं. दुधाची पिशवी आनाची हाय का?" अहो, खरंच आणायची होती! मी चिडले, तणतणले, आणि परत गायले. त्या वेळी माझा आवाज असा फुटला की अक्षयनं हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. स्वतःच्या शब्दांनाही ते असंच झोडपायचे. "ही ओळ माझीच हाय, पन खोटी हाय. काडा." आमची गाणी हळदीला लागली की नाचणारी माणसं मध्येच थांबून ऐकायची. ते थांबणं भाऊंचं होतं, हे आम्हा तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

हळदीचा सीझन संपला की वाढदिवसाची गाणी करायचो. आमच्याकडे प्रत्येक दादाला, प्रत्येक भाईला वाढदिवसाचं स्वतःचं गाणं लागतं. तुमच्याकडेही लागत असेल. चौकात स्टेज, मोठा केक, स्पीकरच्या भिंती, आणि दादा येताना गाणं वाजलं पाहिजे. असंच एका दादांचं काम आलं. चाल हाताशी होतीच, भाऊंनी कडवी पाडून दिली, अक्षय गायला, मी मागून "दादा, दादा" केलं. काम फत्ते. गाणं संपलं आणि भाऊ सवयीनं सुटले. माइक चालूच होता.

रेकॉर्डिंग अक्षयनं बदलापूरला नेलं, मिक्स करून हरेशला पाठवलं, हरेशनं ते दादांच्या पोरांना पाठवलं. गाण्यानंतरची शेपटी अक्षयनं कापली असेल असं हरेशला वाटलं. हरेश कापून मगच पुढे पाठवेल असं अक्षयला वाटलं. दादांच्या पोरांनी पहिलं कडवं ऐकलं, "कडक!" म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

वाढदिवसाला आम्हाला आमंत्रण होतं. चौकात पुढच्या खुर्च्यांवर बसवलं, पाण्याच्या बाटल्या दिल्या. दादा आले, गाणं वाजलं, शिट्ट्या, फटाके. गाणं संपलं. दादा केकवर वाकले. आणि त्या स्पीकरच्या भिंतीतून कोणीतरी घसा खाकरला.

"बाय, एकाच गान्यान दादा वाघ, दादा सिंव्ह, दादा वादळ. जंगलान जागा उरली नाय! मानूस म्हनून एक तरी कडवं लिवाला पायजे व्हतं." मग माझं हसणं, हरेशचं हसणं. मग परत भाऊ: "गेल्या टायमाला हीच चाल समोरच्या पार्टीच्या भाईला दिलेली. भाई काडला, दादा घातला. आपन कनचे पार्टीन हाव, ते गान्याला ठावं नाय. दादांना तरी कुठं ठावं हाय?"

सगळा चौक हसला. पोलीस हसले, फुगेवाला हसला, स्टेजवर उभी असलेली माणसंसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसली. मी हादरून भाऊंकडे पाहिलं, तर त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद होता. निव्वळ आनंद! इतकी वर्षं माळ्यावर तिघांना हसवत आलेला माणूस, त्याला एवढा मोठा हशा पहिल्यांदाच मिळत होता. मग कोणीतरी वायर उपटली आणि भाऊंचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी दादांच्या ऑफिसात बोलावणं आलं, लॅपटॉप घेऊन या म्हणून निरोप होता. आम्ही तिघंही सोबत गेलो. दादा स्वतः एकदम गोड. "काका, माझं काही नाही हो. मी पण हसलो. पण पोरांच्या भावना दुखावल्यात ना. चहा घ्या." एवढं बोलून ते उठून आत गेले आणि उरलेलं काम पोरांवर सोपवलं. हरेश हात जोडून म्हणाला, "गलती मेरी है, कटिंग माझी राहिली." एक पोरगा म्हणाला, "शेठ, कटिंग तुमची असेल. आवाज कोणाचा आहे?"

भाऊंच्या मुलाची स्टेशनबाहेर चहाची टपरी होती, आणि ती कोणाच्या मेहेरबानीनं उभी आहे ते पोरांनी आडून आडून सांगितलं. भाऊंनी मान खाली घातली. भिंतीपाशी उभं करून फोन समोर धरला. नाव सांगा, गाव सांगा, हात जोडा, माफी मागा. त्यांनी मागितली. फोन धरणारा म्हणाला, "परत घेऊ काका. फील येत नाहीये." परत घेतलं. "मनापासून वाटत नाही हो. परत." आम्हाला दाराशी उभं केलं होतं. मेल्यांच्या थोबाडीत मारावी असं वाटत होतं आणि पाय जागचे हलत नव्हते. शेवटी भाऊंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हां," तो पोरगा म्हणाला, "हे ओके आहे."

निघताना आमचे फोन आणि अक्षयचा लॅपटॉप मागून घेतला. भाऊंच्या गप्पांचं होतं नव्हतं ते सगळं आमच्यासमोर पुसलं. ज्यांना ज्यांना पाठवलं होतं, त्यांनी व्हिडिओ पाहिल्यावर घाबरून आपापल्या फोनमधलं स्वतःच पुसलं. माफीचा व्हिडिओ तेवढा सगळीकडे फिरला. खाली लोकांनी काय काय लिहिलं, ते मी इथं लिहीत नाही.

मला वाटलं होतं, चार दिवस जातील आणि भाऊ पूर्वीसारखे होतील. ते माळ्यावर आले. ढोलकी हातात घेतली. हरेशनं त्यांना चढवायला म्हणून त्या आठवड्यातलं सगळ्यात भिकार गाणं लावलं. तो गायक शिंकतोय की गातोय तेच कळत नव्हतं. आम्ही भाऊंच्या तोंडाकडे बघत बसलो. भाऊ पकवानाचा तुकडा मोडत म्हणाले, "छान हाय. मेहनत घेतलीय पोरांनी."

कपाळ माझं! हा माणूस "छान" म्हणतोय?

पुढच्या रविवारी मी मुद्दाम बेसूर गायले. थोडंथोडकं नव्हे, अगदी शेजारचा कुत्रा ओरडेल असं. अक्षय वळून बघायला लागला. मी भाऊंकडे बघत ताणून ताणून गात होते. ओरडा ना भाऊ, दुधाची पिशवी काढा, घड्याळ काढा, काहीही बोला! त्यांनी शेवटची थाप दिली, ढोलकी खाली ठेवली. "छान झालं, बाय. ओके करून टाक."

तेव्हा मला कळलं, हा माणूस गेला. समोर बसलाय, ढोलकी वाजवतोय, पण गेला.

आमचं गाणंही तिथंच बसलं. कोणी अडवणारं नाही, त्यामुळे पहिलं येईल तेच पास. खोट्या ओळी तशाच राहायला लागल्या. मी भाऊंना म्हटलं, "अहो, ही ओळ तुम्हाला तरी खरी वाटते का?" ते म्हणाले, "आपन कोन ठरवनारे?" हळदीवाल्यांनी हळूहळू दुसरीकडे काम द्यायला सुरुवात केली.

दादांचा पुढचा वाढदिवस आला तेव्हा तीच पोरं माळ्यावर आली. थानांना पाठ टेकून बसली. हरेशनं त्यांच्यासाठी चहा सांगितला. "गाणं तेच राहू द्या," म्हणाली. "फक्त सुरुवातीला काकांचा आवाज पाहिजे. पब्लिक ओळखते ना काकांना आता." हरेशनं सांगून पाहिलं, "भाऊ की तबीयत ठीक नहीं है." भाऊच म्हणाले, "नाय नाय, करतो ना."

पोरांनी मजकूर आणला होता. विकासपुरुष, गोरगरिबांचा आधार, अमुक आणि तमुक. भाऊंनी चष्मा लावला आणि वाचलं. स्वच्छ, खणखणीत, कुठं अडखळले नाहीत की कुठं चिमटा नाही. एका दमात ओके. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी दुकानाच्या जिन्यावरून खाली आले आणि भर बाजारात उभी राहून रडले. साडीवाल्यानं विचारलं, "ताई, काय झालं?" मी डोळे पुसून स्टेशनचा रस्ता धरला.

त्यानंतर आम्ही चौघं त्या माळ्यावर जमलो नाही. भाऊ वांगणीला मुलाच्या नव्या फ्लॅटवर राहायला गेले. ढोलकी त्यांनी अक्षयला देऊन टाकली. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं, आणि बदलापूरच्या दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं आटोपलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा फोन आला. "बाय, ह्यांचा आवाज हाय का गं तुझ्याकडं? माझ्याकडं फोटूच हायेत. नात म्हनते आजोबा कसं बोलायचे, ऐकव. तुमच्याकडं ते लय बोलायचे ना?"

मी फोन उलटापालटा केला. हरेशला विचारलं, अक्षयला विचारलं. कुठं काही नाही. माफीचा व्हिडिओ आजही एका झटक्यात सापडतो, पण तो मी नातीला कसा पाठवू? शेवटी ते वाढदिवसाचं गाणं होतं, तेच पाठवलं.

थोड्या वेळानं वहिनींचा परत फोन. "गानं आलं. पन ह्याच्यात हे कुठं हायेत?"

"सुरुवातीलाच, वहिनी. तो बोलतोय ना, तो आवाज भाऊंचाच."

त्यांनी पुन्हा लावलं. फोनमधून मलाही ऐकू येत होतं, विकासपुरुष, गोरगरिबांचा आधार. नात मागे काहीतरी विचारत होती.

"नाय गं बाय," वहिनी म्हणाल्या. "हा कोन तरी दुसराच हाय. ते असं कवा बोलायचे?"

मी म्हटलं, "हो वहिनी, दुसरंच काहीतरी गेलं वाटतं माझ्याकडून. शोधून पाठवते."

"शोध हां. घाई नाय."

अजूनही मधूनमधून त्यांचा फोन येतो. "गावला का गं?" म्हणून विचारतात. मी म्हणते, "शोधतेय वहिनी."