पेटीला हात लावायचा न्हाई

केदारखेड्याच्या फाट्यावर जालन्याची बस यायला अजून वेळ होता आणि अण्णा माझ्या बॅगेला सुतळी बांधत होते. बॅग नवी होती, चेन शाबूत होती, सुतळीची काही एक गरज नव्हती. पण माझे वडील गवंडी. दुसऱ्याने पक्की केलेली गोष्ट खरंच पक्की असते, यावर त्यांचा विश्वास नाही. मायने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी इतकी बांधून दिली होती की हैदराबादेत ज्वारी पिकतच नाही असं कुणालाही वाटावं. मावसबहीण सुजाता तिकडे नर्स होती. शाळांना इंग्लिश शिकवणाऱ्या मुली हव्या आहेत, असं तिने कळवलं होतं. माझं बी.एड. होऊन वर्ष उलटलं होतं, म्हणून मी निघाले होते.

बस लांबून दिसली तसे अण्णा उठले, हात झटकले आणि म्हणाले, "इंग्लिश शिकव. जीव लावून शिकव. पन पेटीला हात लावायचा न्हाई. एवढं बोल मला."

"न्हाई लावणार," मी म्हणाले. बस थांबली, बॅग आत गेली, सुतळी दारात अडकली आणि कंडक्टर ओरडला. रडायचं राहूनच गेलं.

वस्तीतल्या तुम्हा सगळ्यांना अण्णांची पेटी माहीत आहे. पण माझ्यासारख्या ज्या मुली लग्न करून किंवा नोकरी धरून लांब गेल्या, त्यांच्यासाठी पुन्हा सांगते. अण्णा दिवसभर भिंती बांधायचे आणि जयंतीचा महिना आला की गायन पार्टी घेऊन गावोगाव जायचे. मधोमध अण्णा पेटीवर, शेजारी ढोलकी, मागे कोरसवाले चौघं. मी सहा वर्षांची होते तेव्हापासून त्या चौघांच्या मागे पाचवी. कोरसचं काम सोपं दिसतं, पण ते सोपं नाही. अण्णा ओळ म्हणायचे आणि दम घ्यायला थांबायचे, तेवढ्यात ती ओळ आम्ही उचलायची. "गानारा दम घेऊन राह्यला तवर ओळ खाली पडू द्यायची न्हाई," हा त्यांचा एकच नियम होता. एकदा मला डुलकी लागली आणि ओळ पडली, तर घरी येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

असा गाणारा माणूस स्वतःच्या मुलीला पेटीपासून लांब का ठेवतो? कारण अण्णा दहावीला इंग्लिशमध्ये नापास झाले होते. पेपरच्या आदल्या दिवशी राजूरजवळच्या एका गावात त्यांचा कार्यक्रम होता. ते गायले, लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि निकालात इंग्लिशचा विषय गेला. शाळा तिथेच सुटली. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली की मला त्या पेपरचा वार पाठ झाला. "गान्यानं माझी दहावी खाल्ली," हे शेवटचं वाक्य. मला बारावीला इंग्लिशमध्ये थोडे कमी मार्क पडले, तसं त्यांनी मला पार्टीतून काढलं आणि ज्या पेटीवर त्यांनीच माझी बोटं बसवली होती, तिचं झाकण माझ्यासाठी बंद झालं. त्यांच्या हिशेबी घरात एक तर इंग्लिश राहणार नाही तर पेटी. दोघींनी एका घरात नांदणं शक्यच नाही.

गंमत अशी की मला इंग्लिश शिकवलं ते पेटीनेच. पाचवीत मला एक कविता पाठ होत नव्हती. टेकडीवर चढून बसलेल्या शेळीला खाली बोलावणारी ती साधी कविता. मी रडकुंडीला आले होते. अण्णा कामावरून आले, हातपाय धुतले आणि विचारलं, "म्हंजे काय म्हनते ती?" मी अर्थ सांगितला, की शेळीबाई, खाली ये, सूर्य घरी चाललाय. अण्णा म्हणाले, "मंग चाल कुठंय? चालीबिगर कुनाला पाठ होईल?" जगात बिनचालीची कविता असू शकते, हे त्यांना पटेचना. त्यांनी पेटी ओढली आणि जयंतीच्या एका गाण्याची स्वतः लावलेली चाल तिला चढवली. "कम डाउन, लिटल गोट, द सन इज गोइंग होम." मी ओळ म्हणायची आणि माय चुलीपाशी बसून कोरस धरायची. मायला एक अक्षर कळत नव्हतं, पण ओळ पडू दिली नाही. दारातली आमची खरी शेळी तेवढी वैतागून ओरडत होती. दुसऱ्या दिवशी वर्गात मी कविता गाऊन दाखवली. गुरुजी आधी हसले आणि मग म्हणाले, अजून एकदा म्हण.

हैदराबादेत उतरले तेव्हा परकं वाटेल अशी तयारी करून गेले होते. पण रिक्षावाला म्हणाला, "जल्दी बैठो, फिकर नक्को करो," आणि मला हसूच आलं. आपले निम्मे शब्द माझ्या आधीच इथे येऊन राहिले होते. उरलेल्या निम्म्यांची जागा हळूहळू तेलुगूने घेतली. खोलीच्या मालकीणबाई रोज दारातून डोकावून "तिन्नावा?" विचारतात, म्हणजे जेवलीस का. आता फोनवर मायही मला "तिन्नावा?" विचारते आणि स्वतःच हसत बसते.

मुलाखतीला पाचवीच्या वर्गावर नमुना पाठ घ्यायचा होता. प्रिन्सिपल मॅडम मागच्या बाकावर वही उघडून बसल्या. मी रंगीत चार्ट केले होते, वाक्यं पाठ केली होती. पाच मिनिटांत वर्ग खिडकीबाहेर पाहायला लागला. मला पुढचं वाक्य आठवेना, आणि नकळत माझी बोटं टेबलावर ठेका धरायला लागली. अण्णांची चाल तोंडातून बाहेर पडली. मी ओळ म्हटली, हाताने मुलांकडे खूण केली आणि पस्तीस मुलांनी ती उचलली. अशी उचलली की शेजारच्या वर्गातले सर पाहायला आले. तास संपल्यावर मॅडमनी विचारलं, "हार्मोनियम येते का तुम्हाला?" मी विचार करायच्या आत हो म्हणून बसले.

नेमणुकीच्या पत्रात दोन विषय होते, इंग्लिश आणि संगीत. नुसतं इंग्लिश घेतलं तरी चालेल, असं मॅडम म्हणाल्या होत्या. दोन दिवस दिले होते. ते पत्र मी उशीखाली ठेवलं, पुस्तकात ठेवलं, सुजाताला दाखवलं. ती म्हणाली, नाही म्हण, बापाला शब्द दिलायस. तिचं बरोबर होतं. पण त्या वर्गात माझा घसा मोकळा झाला तेव्हा मला जे वाटलं होतं, ते तिला सांगता येईना. इंग्लिशच्या तासाला मी बरी शिक्षिका झाले असते. दोन्ही मिळून मी मीच होते. मला दोन्ही हवं होतं, आणि इतकी वर्षं हे मी स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी सही केली. घरी फोन करून सांगितलं, "अण्णा, मी इंग्लिशची टीचर झाले." अण्णांनी वस्तीत पेढे वाटले. बोलले ते खोटं नव्हतं, नुसतं अर्धं होतं.

ते अर्धं मला तीन वर्षं टोचत राहिलं. अण्णांचा फोन नेमका संगीताच्या तासाला यायचा. "मागं पेटी वाजून राह्यली का गं?" "शेजारी क्लास आहे, अण्णा." "वाजवून राह्यलाय तो बराबर न्हाई वाजवत." वाजवणारी मीच असायचे, आणि शिवाय टीकाही ऐकून घ्यायची. गावी गेले की पेटीकडे पाहणंसुद्धा टाळायचे. अण्णा लोकांना सांगायचे, "पोरीनं शब्द पाळला." तेव्हा ताटातला घास गिळवत नसे.

मागच्या हिवाळ्यात अण्णा आणि माय पहिल्यांदा हैदराबादला आले. मी सगळं आखून ठेवलं होतं. शाळा रविवारी दाखवायची, म्हणजे बंद असेल. पण अण्णा कुणाचं आखलेलं ऐकतात का? शुक्रवारी मी शाळेत असताना पत्ता विचारत विचारत ते एकटेच येऊन उभे राहिले. वॉचमन आत येऊन म्हणाला, "टीचर, आपके अब्बा आए. बाहर बैठो बोला तो नक्को बोले." त्याच्या पाठीमागेच अण्णा दारात होते. मी सतरंजीवर, पुढ्यात पेटी, एक हात भात्यावर. समोर पाचवीचा वर्ग, आणि शेळीची कविता.

माझा हात थांबला, आवाजही थांबला. ओळ मी म्हटली होती, पण माझा चेहरा पाहून मुलं गोंधळली आणि कोरस कुणीच उचलला नाही. मी खाली पाहत राहिले. आता अण्णा मागे फिरतील आणि मायला घेऊन गाडी पकडतील, असंच मला वाटलं.

अण्णांनी चपला काढल्या. आत आले, शेवटच्या रांगेच्या टोकाला मांडी घालून बसले, जसे आमच्याकडे कोरसवाले बसतात तसे. आणि त्यांनी ओळ उचलली. "कम डाउन, लिटल गोट, द सन इज गोइंग होम." सिमेंटच्या धुळीने घोगरा झालेला आवाज, उच्चार आमच्या वस्तीचा, सूर मात्र जागच्या जागी. मुलांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांच्या आवाजात आपले आवाज मिसळले. इंग्लिशमध्ये नापास झालेले माझे वडील माझ्या वर्गात इंग्लिशचा कोरस धरत होते. मी तेव्हा मुलांसमोर रडले. त्याची लाज वाटत नाही.

नंतर शाळेबाहेर चहा पिताना मी माफी मागायला लागले, तर त्यांनी हात वर केला. "चाल माझी हाय ना ती?" मी हो म्हणाले. अण्णांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी नापास झाल्तो ना, ते गान्यानं न्हाई. पुस्तकच उघडलं न्हवतं. बिलकुल न्हाई. आदल्या दिशी गायलो नसतो तरी नापासच झालो असतो."

"मग पेटीला का नावं ठेवलीत, अण्णा?"

"पेटी काय उलटून बोलती का? तिच्यावर ढकललं. अन मंग इतक्यांदा सांगितलं की मलाबी खरं वाटाया लागलं. तू कुनाला म्हनू नको." अण्णा, मी आता सगळ्यांनाच सांगून टाकलं आहे. फार रागावू नका, तुम्हीही मला तीन वर्षं भरल्या ताटावर उपाशी ठेवलंत.

परतीच्या दिवशी मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. या वेळी जाणारे ते होते आणि मी फलाटावर. त्यांच्या पिशवीला मी सुतळी बांधली. गाठ त्यांनी तपासली, सोडली आणि पुन्हा स्वतः बांधली. गाडी हलायच्या आधी खिडकीतून वाकून म्हणाले, "इंग्लिश शिकव. जीव लावून शिकव. अन पेटीला रोज हात लावायचा. न्हाई लावला तर भाता कडक होतो. एवढं बोल मला."

"लावीन," मी म्हणाले.

आता अण्णांचा फोन येतो तो ठरवून, शाळा सुटल्यावर. इकडे मी पेटी उघडते, तिकडे ते. फोनवर सूर मागेपुढे होतात, ढोलकी नसते, मायचा आवाज मधूनच भांड्यांत हरवतो. पूर्वी घर म्हटलं की मला फाट्यावरून आत जाणारा रस्ता दिसायचा. आता मी एक ओळ म्हणते, दम घ्यायला थांबते, आणि केदारखेड्याहून कुणीतरी ती उचलतं.