उजव्या हाताची भट्टी

युसूफ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कचेरीत नुकताच खुर्चीवर बसलो होतो. निरोप आणणाऱ्या शिपायाला मी म्हणालो, "काहीतरी घोटाळा आहे. काल संध्याकाळी तो माझ्याशी भांडलाय." जणू काल भांडलेला माणूस आज मरू शकत नाही, असा एखादा नियमच होता. शेजारच्या टेबलावर युसूफचा चष्मा पुसायचा फडका पडला होता. मी तो उचलला, घडी घातली आणि परत तिथेच ठेवला... काय करावे हेच समजत नव्हते. पहाटेची नमाज पढून तो उठला, छाती धरून भिंतीला टेकला आणि संपला. आजाराचे नाव नव्हते. चाळिशी उलटून दोन-तीन वर्षेच झाली होती.

आम्ही दोघे तुळजापूरला मोजणी खात्यात. निजामी राज्य गेले, जमिनीचे जुने कागद उर्दूतून मराठीत उतरवायला दोन्ही लिप्या येणारी माणसे हवी होती, तेव्हा युसूफ नोकरीला लागला. मी आकडे तपासायचो, तो मजकूर. ईट गावच्या लोहाराचा तो एकुलता एक मुलगा. वडील करीमचाचा यांच्या डोक्यात भट्टी पोराच्या हाती द्यायची होती. पोराने नोकरी धरली त्या दिवशी ते एवढेच म्हणाले, "कागदाला धार लावता येत न्हाय." त्यानंतर बोलणे बंद. युसूफ दर ईदला गावी जायचा, आई होती तोवर तिच्या हातचे खायचा, आणि वडील त्याच्याकडे पाठ करून घण मारत राहायचे. सणाच्या दिवशीसुद्धा. तुळजापूरच्या घरात त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही कामानिमित्त नळदुर्गला गेलो होतो. किल्ल्यात एका पडक्या खोलीची भिंत काळवंडलेली होती, खाली पाण्याची दगडी डोण होती. युसूफ तिथे थांबला. "ही लोहाराची जागा," म्हणाला. "हितं घोड्याचे नाल, भाल्याची पाती होत असतील." परतल्यावरही त्याच्या डोक्यात ती खोलीच होती. त्याने मुलीसाठी, नसीमसाठी, सोलापूरहून लाकडी विटांचा खोका आणला होता. नसीमने एक मनोरा रचला, पाडला आणि ती सागरगोटे खेळायला निघून गेली. मग युसूफने त्या विटा ताब्यात घेतल्या. बैठकीतल्या पत्र्याच्या पेटीवर त्याने किल्ल्याच्या काळची लोहारशाळा उभारायला घेतली.

मी रोज संध्याकाळी जायचो. वीट दोन इंच लांब, एक इंच उंच, म्हणून मी इंचाला फूट असे प्रमाण बांधून दिले. घोडा आत यायचा म्हणजे दार सात फूट हवे, हे माझे; युसूफने पाच इंचांवरच कमान टेकवली होती, ती मी पाडायला लावली. तुटक्या चपलेच्या चामड्याचा त्याने भाता केला, सायकलच्या नटाची ऐरण. कंदिलाची काच वर करून तिची काजळी बोटाने भिंतींना फासली. युसूफच्या पत्नी मुमताजभाभी चहा ठेवताना म्हणायच्या, "दोघांचे केस पिकायला लागले, अन् हे विटांवरनं भांडायलेत."

भांडण एकाच गोष्टीवर होते. कामाला बसणाऱ्या लोहाराच्या उजव्या हाताला त्याने भट्टी ठेवली होती. मी म्हणालो, "युसूफ, डावीकडे पाहिजे. डाव्या हातात सांडशी, उजव्यात हातोडा. तापलेलं लोखंड काय पोटावरून फिरवून आणणार?"

"जाधव, तुमी जमीन मोजा. लोहाराच्या पोराला भट्टी शिकवू नका. म्या भाता ओढलाय."

माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट तपासल्याशिवाय सोडवत नाही. जळकोटला मोजणीला गेलो तेव्हा तिथल्या लोहाराकडे मुद्दाम डोकावलो. भट्टी डावीकडे. तसे येऊन सांगितले, तर हा म्हणतो, "मंग जळकोटकर अजून शिकतोय म्हणायचं!" आणि हसला. मग हसू आवरून हळूच म्हणाला, "छप्पर होऊ द्या. अब्बाला बोलवून आनतो. म्या भट्टी इसरलो न्हाय, एवढं दिसलं तर बोलतील... व्हय का न्हाय?"

मी त्यावर उत्तर दिले, "आधी भट्टी डावीकडे घ्या, मग बोलवा." हेच आमचे शेवटचे बोलणे.

ईटला माणूस पाठवला होता, पण उन्हाळ्याचे दिवस. मय्यत फार वेळ ठेवता आली नाही. माती देऊन आम्ही परतलो आणि दिवस कलता करीमचाचा पोहोचले. दारातच त्यांना कळले की सगळे आटोपले. ते रडले नाहीत. "मला थांबले न्हाईत व्हय?" एवढेच विचारले. सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि बैठकीत भिंतीकडे तोंड करून बसले. समोर पेटीवर बिनछपराची लोहारशाळा होती.

बराच वेळ ते तिच्याकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे काय हाय?"

मी सांगितले. किल्ला, विटा, तुम्हाला दाखवायचे होते, सगळे सांगितले. आणि काय बुद्धी झाली कोण जाणे, त्याही वेळी माझ्या तोंडून निघाले, "फक्त भट्टी उजवीकडे झालीय. तेवढं चुकलं."

चाचांनी आपला डावा हात वर धरला. तळव्यावर हातोड्याचे घट्टे होते. "म्या डावरा हाय, साहेब," ते म्हणाले. "बापानं लई मारलं, हात काय बदलंना. शेवटी त्यानंच भट्टी उकरून हिकडची तिकडं बांधली, माझ्यासाठी. साऱ्या मुलखात उजव्या हाताची भट्टी माझीच. पोरानं दुसरी बघितलीच न्हाय." मग हात खाली घेऊन ते म्हणाले, "माझ्या बापानं पोरासाठी भट्टी फिरवली... अन् म्या..."

मी आयुष्यभर मोजमापे तपासली, पण त्या क्षणाएवढा मी कधी हबकलो नव्हतो.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर भाभींनी त्या विटा चाचांना दिल्या. उतरवण्याआधी मी थरांचा नकाशा काढून दिला. मागच्या आठवड्यात ईटला गेलो. चाचांनी आपल्या लोहारशाळेतल्या कोनाड्यात युसूफची लोहारशाळा जशीच्या तशी उभी केली आहे, वर पऱ्हाटीच्या काड्यांचे छप्पर घातले आहे. मी बसलो असतानाच एक शेतकरी नांगराचा फाळ घेऊन आला. कोनाड्याकडे बघून म्हणाला, "चाचा, तुमी डावरे, तुमचं समजलं. पण ही किल्ल्यावरची म्हनता, मंग हिची भट्टी उलटीकडं कशी?"

चाचांनी हातोडा खाली ठेवला. "तवा अशीच असायची. आमच्या युसूफनं किल्ल्यावर जाऊन बघितलंय. इचार या साहेबांना, मोजणी खात्यातले हायती."

शेतकरी माझ्याकडे बघू लागला. चाचा मात्र बघत नव्हते. निखाऱ्यांकडे तोंड करून थांबले होते.

"होय," मी म्हणालो. "उजवीकडेच. मी स्वतः मोजलंय."